नाटकाचं तिकीट पाचशेवर का अडलंय, आणि मागच्या रांगा रिकाम्या का?

रविवारची सकाळ, साडेदहा. बुकिंगच्या खिडकीपुढे माझ्या आधी साठी ओलांडलेलं एक जोडपं होतं, बाकी कुणी नाही. आतल्या गृहस्थांनी प्लॅन त्यांच्याकडे फिरवला. प्लॅन म्हणजे खुर्च्यांचा छापील नकाशा. विकलेल्या खुर्चीवर पेन्सिलीने फुली मारतात. दुपारी चारचा प्रयोग, आणि फुल्या पहिल्या पाच-सहा रांगांतच दाटलेल्या. मागे पांढरं मैदान.

"मागचं काय आहे?" काकांनी विचारलं.

"मागचं तीनशे. पण पुढचं घ्या ना, सातव्या रांगेत मध्ये दोन आहेत."

"ते पाचशे?"

"पाचशे."

"अहो, एवढे आलोय तर घेऊन टाका," काकू म्हणाल्या. काका प्लॅनकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "पण नाटक कसं आहे?"

"चांगलं आहे काका. हसाल."

"पुढच्या रविवारी बघू," म्हणून दोघं जिना उतरून गेले.

नाटकाचं तिकीट महाग झालं आणि म्हणून प्रेक्षक आटला, हे वाक्य आपण समाजमाध्यमांवर, नाट्यसंमेलनांत आणि लग्नाच्या पंगतीत ऐकतो. पण काका "महाग आहे" म्हणाले नव्हते. त्यांनी विचारलं होतं, कसं आहे. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो कळायला आधी थोडा हिशेब करावा लागेल.

## एक प्रयोग म्हणजे एक एसटी

एसटीच्या गाडीत चार प्रवासी असोत की चव्वेचाळीस, ड्रायव्हर एक, कंडक्टर एक, आणि डिझेल जवळपास तेवढंच. गाडी सुटली की खर्च झाला. पंचेचाळिसाव्या प्रवाशाला बसवायला महामंडळाला जवळजवळ काही लागत नाही, पण पहिल्या प्रवाशासाठी अख्खी गाडी काढावी लागते.

नाटकाचंही हेच आहे. पडदा वर जायच्या आधीच पैसे गेलेले असतात: नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, सेट आणणारा टेम्पो, सेट लावणारी बॅकस्टेजची मंडळी, प्रकाश आणि ध्वनी, रंगभूषा, चहापाणी-जेवण, आणि कलाकारांची नाईट. नाईट म्हणजे नटाला एका प्रयोगामागे मिळणारं मानधन. प्रयोग दुपारचा असला तरी म्हणायचं नाईटच.

प्रेक्षक शंभर आले म्हणून यातला एकही आकडा कमी होत नाही. आणि एसटी रिकामी गेली तर निदान परत येताना भरेल अशी आशा तरी असते. नाटकाची आज रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही. ती संध्याकाळच्या भाजीसारखी आहे, सकाळी तिला कुणी विचारत नाही.

## जरा आकडे मांडू

पुढचे आकडे कुठल्या एका नाटकाचे नाहीत, हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

नाट्यगृह ८०० खुर्च्यांचं. पुढच्या ३०० खुर्च्या ५०० रुपयांच्या, मधल्या २५० चारशेच्या, बाल्कनीतल्या २५० तीनशेच्या. सगळं विकलं, दारात हाऊसफुल्लचा फलक लागला, तर गल्ला ३ लाख २५ हजार. एका प्रयोगाचा खर्च धरू १ लाख ६० हजार.

आता साधारण बरा रविवार घ्या. पुढची २५० तिकिटं गेली, मधली ६०, बाल्कनीची ४०. एकूण ३५० प्रेक्षक, गल्ला १ लाख ६१ हजार. म्हणजे अर्ध्याहून जास्त नाट्यगृह रिकामं असूनही निर्माता कसाबसा बरोबरीत सुटला. वर १ हजार रुपये राहिले, त्यात सगळ्यांना वडापावही होणार नाही.

पण नाटक उभं करायलाही पैसे लागतात. नेपथ्य, वेशभूषा, संगीत, महिना-दीड महिन्याच्या तालमी, सुरुवातीच्या मोठ्या जाहिराती. समजा २० लाख. हे प्रयोगागणिक फेडायचे. चांगल्या प्रयोगाला ४० हजार सुटले तर ५० प्रयोग लागतील. महिन्याला पंचवीस प्रयोग होत असतील तर दोन महिन्यांत मोकळे. महिन्याला आठच होत असतील तर सहा महिन्यांहून जास्त, आणि तेही प्रत्येक प्रयोग चांगला गेला तर.

खरी गोम इथे आहे. आज बहुतेक व्यावसायिक नाटकं शनिवार-रविवारवर जगतात. मधल्या वारी प्रयोग लावायची हिंमत फार थोडे करतात. पूर्वी मधले वार कंत्राटी प्रयोगांनी भरून निघायचे: एखादी पतपेढी, कामगार संघटना किंवा गणेशोत्सव मंडळ अख्खा प्रयोग ठरावीक रकमेला विकत घ्यायचं आणि तिकिटं आपल्या सभासदांना वाटायचं. निर्मात्याला जोखीम नाही, सभासदाला तिकीट फुकट किंवा नाममात्र. कितीतरी घरांना नाटकाची गोडी अशा प्रयोगांनी लावली. ते कमी झाले आणि सगळा भार दोन दिवसांवर आला. सगळ्यांना हवे तेच दोन दिवस. नाट्यगृहांच्या तारखा काही महिन्यांच्या एकदम वाटल्या जातात, त्यासाठी ओढाताण होते, आणि रविवार दुपारची तारीख हातात पडली की तिच्यातून जमेल तेवढं पिळून घ्यावं लागतं.

## टीव्ही स्वस्त झाला, हजामत का नाही?

या कोड्याचं उत्तर १९६६ मध्ये विल्यम बाउमॉल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी दिलं. त्याला "खर्चाचा आजार" म्हणतात. नाव भारदस्त, गोष्ट न्हाव्याच्या दुकानातली.

तीस वर्षांपूर्वी टीव्ही घ्यायला घर महिनोन्महिने पैसे साठवायचं. आज त्याहून कितीतरी मोठा, सपाट टीव्ही त्या मानाने स्वस्त मिळतो. कारखान्यात यंत्रं सुधारली, एक कामगार पूर्वीच्या कितीतरी पट टीव्ही बनवू लागला. पण केस कापायला तेव्हा वीस मिनिटं लागायची, आजही वीस मिनिटंच लागतात. मग हजामत का महागली? कारण न्हाव्यालाही याच शहरात राहायचंय. त्याचं घरभाडं, मुलांची फी बाकीच्यांच्या बरोबरीनेच वाढते. दर वाढवला नाही तर तो कात्री ठेवून दुसरं काम धरेल.

बाउमॉलचं आवडतं उदाहरण चार वादकांनी मिळून वाजवायच्या रचनेचं होतं. दोनशे वर्षांपूर्वी ती वाजवायला चार माणसं आणि जेवढी मिनिटं लागत, तेवढीच आजही लागतात. दोघांत अर्ध्या वेळात उरका म्हणता येत नाही.

नाटक या आजाराचा जुना रुग्ण आहे. पथ्य म्हणून त्याने काय काय सोडलं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, नाटक मंडळींच्या बिऱ्हाडात नट, वादक, स्वयंपाकी, पडदे ओढणारे असं गावच असायचं. बोलपट आले, १९३२ पर्यंत मराठी बोलायला लागले, आणि त्या दशकात एकेका मंडळीचा कारभार आटोपला. पुढे नाटक तीन अंकांचं दोन अंकी झालं, चार प्रवेशांचे चार पडदे गेले, पात्रं पंधरावरून पाचावर आली. मराठी नाटकात इतके दिवाणखाने का, याची समीक्षकांनी पुष्कळ चर्चा केली आहे. माझं मत विचाराल तर निम्मं उत्तर टेम्पोत आहे: एका फेरीत मावेल तेवढं घर.

आता कापायला फारसं उरलेलं नाही. दोन पात्रांचं नाटक एका पात्राचं करता येईल, त्यापुढे काय? म्हणून वाढ तिकिटावर येते.

## पाचशेची भिंत

बऱ्याच नाटकांचं पुढच्या रांगांचं तिकीट नेमकं ५०० वरच येऊन का थांबतं, हे तुमच्या लक्षात आलंय का? ५२० का नाही? ५५० का नाही?

याचं कारण जीएसटीत आहे. जुलै २०१७ मध्ये हा कर आला तेव्हा नाटकाच्या २५० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला माफी होती. जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ५०० वर नेली. ५०० पर्यंत कर शून्य. त्याच्या वर एक रुपया गेलात की १८ टक्के, आणि तेही वरच्या रुपयावर नाही, सगळ्या रकमेवर.

निर्मात्याच्या खुर्चीत बसून बघा. त्याला तिकिटामागे १०० रुपये जास्त हवेत, म्हणून तो मूळ दर ६०० ठेवतो. त्यावर १०८ रुपये कर. प्रेक्षकाला तिकीट ७०८ ला पडतं. प्रेक्षकाच्या खिशातून २०८ गेले, निर्मात्याला मिळाले १००. बरं, प्रेक्षक बिचकेल म्हणून करासकट ६०० ठेवलं तर? निर्मात्याच्या हाती ५०८ रुपये आणि काही पैसे. म्हणजे प्रेक्षकाची शंभराची नाराजी पत्करून कमावले साडेआठ रुपये. एवढ्यासाठी कोण भांडण ओढवून घेईल? ज्यांच्या नावावर हमखास गर्दी होते असे मोजके ही भिंत ओलांडतात, बाकीचे तिच्या पायथ्याशी उभे राहतात.

पुढच्या तिकिटाला वर जागा नाही, म्हणून मागची तिकिटं वर सरकतात. शंभर-दीडशेचं तिकीट तीनशे होतं. पहिल्या रांगेतल्या माणसाला पाचशेची भिंत वाचवते, आणि तिचा भार बाल्कनीतला विद्यार्थी उचलतो. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर २०१८ मधल्या ५०० रुपयांचं काम करायला आज साधारण ७४० रुपये लागतील. मर्यादा मात्र आहे तिथेच.

आणखी एक खोच. ५०० पर्यंतचं तिकीट "करमुक्त" म्हणतात खरं, पण जाहिरात, साहित्य आणि सेवा घेताना निर्मात्याने जो जीएसटी भरला तो त्याला परत वळवून घेता येत नाही. पुढे कर वसूलच केला नाही तर वजावट कशातून मिळणार? तो पैसा गुपचूप तिकिटात मिसळलेला असतो.

## "तिकीट निम्मं करा, लोक धावत येतील"

हा आक्षेप सर्वांत आधी येतो आणि तो मनापासून असतो. आपल्या आकड्यांवर तपासू.

दर निम्मे केले: २५०, २०० आणि १५०. आता सगळ्या ८०० खुर्च्या भरल्या तर गल्ला १ लाख ६२ हजार ५००. आठवतंय? आधी ३५० प्रेक्षकांत १ लाख ६१ हजार आले होते. म्हणजे दर निम्मा केल्यावर जिथे होतो तिथेच राहायला प्रत्येक प्रयोग हाऊसफुल्ल करावा लागेल. प्रेक्षक सव्वादोन पट झाला पाहिजे, एकदा नाही, दर वेळी.

तो होईल का? नाटकाला जाणं म्हणजे फक्त तिकीट नसतं. चौघांचं घर घ्या. तिकिटं २,०००. जाण्यायेण्याचे ५००. रात्री घरी येऊन कुणी कुकर लावत नाही, बाहेर जेवायचे १,५००. झाले ४,०००. तिकीट निम्मं केलं तर ३,०००. घराच्या दृष्टीने सुट्टी पाव हिश्शानेच स्वस्त झाली. शिवाय प्रवास धरून अर्धा रविवार जातो, त्याची किंमत कुठल्याच फलकावर लिहिलेली नसते.

म्हणून सरसकट स्वस्ताई चालत नाही. याचा अर्थ तिकिटाच्या दराने काहीच बिघडत नाही, असा मात्र घेऊ नका. बिघडतं, पण ते वेगळ्या ठिकाणी.

## महाग तिकीट माणसाला भित्रं करतं

आता खिडकीवरच्या काकांकडे परत येऊ.

भाजीवाल्याकडे दहा रुपयांची जुडी घेताना आपण फार विचार करत नाही, खराब निघाली तर निघाली. साडी घेताना चार दुकानं फिरतो. फ्लॅट घेताना कागदपत्रं वकिलाला दाखवतो. किंमत वाढते तशी आपली खात्री करून घ्यायची गरज वाढते. पन्नास रुपयांचं नाटक फसलं तर आपण परतीच्या गाडीत त्याची टर उडवत यायचो, तीही करमणूकच. चौघांची दोन हजारांची तिकिटं फसली तर कुणी ती काढली यावरून घरात अबोला होतो.

म्हणून तिकीट महागलं की माणूस नाटक सोडत नाही, धोका सोडतो. महिन्याला एक बघणारा वर्षाला दोन बघतो, आणि ती दोन अगदी ठोकून बजावून निवडतो. ओळखीचा चेहरा, मालिकेतली जोडी, पूर्वी गाजलेल्या नाटकाचं पुनरुज्जीवन, "हसाल" अशी हमी. प्रशांत दामले यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५०० वा प्रयोग केला. गुण आणि कष्ट तर आहेतच, पण प्रेक्षकाच्या बाजूने बघितलं तर असं नाव म्हणजे विमा असतो. तिकीट महाग, तेव्हा विमा हवा.

याचा परिणाम रविवारच्या जाहिरातींच्या पानावर दिसतो. तीन-चार नाटकं तुडुंब, बाकीची ओस, आणि मधलं काहीच नाही. "प्रेक्षक कमी झाला" हे पूर्ण खरं नाही. प्रेक्षक एकाच कोपऱ्यात गोळा झाला. ज्या नाटकाला पूर्वी हळूहळू, तोंडातोंडी बोलबाला होऊन पंचविसाव्या प्रयोगाला रंग चढायचा, त्याला आता पंचविसावा प्रयोगच मिळत नाही. पहिल्या दहा प्रयोगांत रिकाम्या खुर्च्यांनी त्याचा निकाल लागलेला असतो. नवा लेखक, अनोळखी नट, गंभीर विषय, यांना लागणारा धीट प्रेक्षक स्वस्त तिकिटाच्या रांगेत बसायचा. तीच रांग आपण महाग केली.

## "मग मल्टिप्लेक्स कसं चालतं? तिथे तर पॉपकॉर्नलाच पाचशे जातात"

नेमकं बोललात. पॉपकॉर्नचे पैसे सिनेमागृहाच्या खिशात जातात, आणि त्या नफ्यावर पडद्याचा तोटा भरून काढता येतो. नाटकाच्या मध्यंतरात तुम्ही बटाटेवडा आणि चहा घेता तो कँटीनच्या ठेकेदाराचा असतो. निर्मात्याला त्यातला वाटाणासुद्धा मिळत नाही.

शिवाय सिनेमा एकदा बनला की सोमवारी सकाळी अकराच्या खेळाला सात माणसं असली तरी नायकाला पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. तोच खेळ त्याच दिवशी शेकडो पडद्यांवर चालतो. नाटकातली नायिका डोंबिवलीत असेल तर त्या क्षणी कोथरूडमध्ये नसते. आणि गर्दी मल्टिप्लेक्सलाही रोज कुठे असते? तीच रड तिथेही आहे, फक्त तिथे रडायला एसी आहे.

## "नट अवाच्या सवा नाईट घेतात"

काही घेतात. पण एक बाजू बघा. ज्याला बघायला लोक येतात तो नट मालिकेत दिवसाच्या हिशेबाने, म्हणजे पर डे काम करतो. नाटकासाठी त्याने चित्रीकरणाची तारीख सोडली तर त्याचा तेवढा पर डे बुडतो. नाईट त्याच्या आसपास गेली नाही तर तो टेम्पोमागून सोलापूरला का जाईल? पुन्हा न्हाव्याचीच गोष्ट. बॅकस्टेजवर सेट वाहणाऱ्याच्या नाईटबद्दल मात्र ही तक्रार कुणी केलेली ऐकिवात नाही, आणि प्रयोग त्याच्यावाचूनही होत नाही.

## प्रेक्षक गेला कुठे?

थोडा उठून गेला, थोडा उठवला गेला.

मुंबईत नाटकाला भरभरून येणारा मोठा वर्ग गिरगाव, दादर, लालबाग-परळच्या चाळींतला होता. नाट्यगृह चालत जाण्याच्या अंतरावर. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि तो माणूस विरार, बदलापूर, पनवेलला गेला. तिथून दादरला येऊन रात्रीचा प्रयोग बघायचा तर शेवटची लोकल डोक्यात वाजत असते. ठाण्यात १९७८ मध्ये गडकरी रंगायतन झालं, पुढे बोरिवली, वाशी, कल्याण, डोंबिवलीत नाट्यगृहं आली, ती या स्थलांतराच्या मागोमागच. परळचं जुनं दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं तेव्हा हळहळणारे बरेचजण परळबाहेर राहायला गेलेले होते.

दुसरी गोष्ट सवयीची. नाटक बघणं सकाळच्या फिरण्यासारखं असतं. चार दिवस खंड पडला की पाचव्या दिवशी पांघरूण सुटत नाही. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहं बंद झाली. मध्ये काही महिने निम्म्या खुर्च्यांवर दारं किलकिली झाली, पुन्हा कुलूप लागलं, आणि नंतर २२ ऑक्टोबर २०२१ ला पडदा वर गेला, तोही निम्म्या खुर्च्यांवर. दीड वर्षात घराघरांत मोबाइलवर मालिका बघायची शिस्त लागली. ज्येष्ठ प्रेक्षकांतले काही परतलेच नाहीत, काही परतूच शकले नाहीत. गावोगावची नाट्यगृहं दुरुस्तीसाठी वर्ष-वर्ष बंद असतात, तेव्हाही हेच होतं. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ ला आगीत जळालं. एका इमारतीचं नुकसान मोजता येतं. त्या शहरात जे मूल त्या वर्षी पहिलं नाटक बघणार होतं, त्याचा हिशेब कुठे मांडायचा?

आणि तिसरी गोष्ट, अगदी शारीरिक. गेल्या मे महिन्यात एका सार्वजनिक नाट्यगृहात मी घामाने निथळत दोन अंक बघितले. एसी बंद, दारवान म्हणाला, "कम्प्लेंट दिलीय." माझ्या आईला मध्यंतरात स्वच्छतागृहापर्यंत जिना चढून जावं लागलं आणि जाऊन ती तशीच परत आली. नाटक उत्तम होतं. पुढच्या नाटकाचं विचारलं तर म्हणाली, "तूच जाऊन ये आणि मला गोष्ट सांग." तिच्यासाठी तिकीट फुकट असतं तरी उत्तर हेच आलं असतं.

## "सरकारने काहीतरी करायला हवं"

सरकार काही करत नाही असं नाही. राज्याचं सांस्कृतिक खातं निवडक व्यावसायिक नाटकांना अनुदान देतं, आणि बऱ्याच पालिका नाट्यगृहांत मराठी नाटकाला सवलतीचं भाडं असतं. पण हे पैसे निर्मात्याचा तोटा कमी करतात. तिकीट कमी कर, अशी सक्ती त्यात नसते, आणि निर्मात्याने ते आधीच्या कर्जात घातले तर त्याला दोष देता येत नाही.

मला विचाराल तर दोन कामं कमी पैशांत होतील. एक, पाचशेची मर्यादा महागाईला बांधायची, म्हणजे पुढची रांग आपला भार उचलेल आणि मागची मोकळी होईल. हे एकट्या राज्याच्या हातात नाही, जीएसटी परिषदेत न्यावं लागेल. दोन, अनुदान निर्मात्याला देण्याऐवजी खुर्चीला द्यायचं: सवलतीच्या तारखेच्या बदल्यात मागच्या शंभर खुर्च्या शंभर रुपयांना, आणि त्या खरोखर विकल्याचा हिशेब. रिकाम्या राहणाऱ्याच खुर्च्या आहेत त्या. त्यात कुणाचं काय जातं?

## "मग उरलेली तिकिटं शेवटच्या तासात स्वस्तात का काढत नाहीत?"

भीती अशी की लोक शहाणे होतील. तीनला तिकीट निम्म्याने मिळणार हे कळलं की सकाळी दहाला पाचशे कोण देईल? मंडईत संध्याकाळची वाट बघणारं गिऱ्हाईक सकाळी फिरकत नाही, तसं.

पण यावर जुना तोडगा आहे. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून टीकेटीएस नावाची खिडकी आहे. त्या दिवशीची उरलेली तिकिटं तिथे सवलतीत मिळतात, पण रांगेत उभं राहावं लागतं, कुठलं नाटक मिळेल याची खात्री नाही, खुर्ची निवडता येत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत आणि वेळ नाही तो आधीच पूर्ण दराने काढून मोकळा होतो. ज्याच्याकडे वेळ आहे आणि पैसे नाहीत तो रांग लावतो. दोघंही आत येतात. एकाच मालाला गिऱ्हाईक बघून दोन दर लावण्याला अर्थशास्त्रात भाव-भेद म्हणतात. आपल्याकडे कॉलेजचं ओळखपत्र दाखवून रेल्वेचा पास काढणारा प्रत्येक विद्यार्थी तो रोज अनुभवतो.

आपल्याकडे तर याहून सोपं करता येईल. दर खुर्चीप्रमाणे ठरवतो तसा प्रयोगाच्या क्रमांकाप्रमाणे ठरवायचा. पहिले दहा प्रयोग दोनशे रुपये सरसकट, कारण नाटक कसं आहे हे अजून कुणालाच माहीत नाही, आणि धोका पत्करणाऱ्याला त्याची सूट मिळावी. नाटक चाललं तर अकराव्यापासून पाचशे घ्या, तेव्हा कुणी कुरकुर करणार नाही. काकांच्या प्रश्नाचं उत्तर तोवर त्यांच्या शेजाऱ्याकडे असेल.

## तोवर, तिकीट कुठलं काढावं?

पुढच्या तीन रांगा टाळा. मान दुखते, रंगभूषा दिसते, आणि रंगमंचाचा मागचा भाग कल्पनेतच राहतो. नवं नाटक असेल तर घरबसल्या ॲपवर काढण्यापेक्षा जमल्यास खिडकीवर जा. ॲप सोयीचं शुल्क, म्हणजे कन्व्हीनियन्स फी, वेगळं लावतं आणि त्यावर करही, शिवाय खिडकीतला माणूस विचारल्यावर खरं सांगतो. "हसाल" म्हणाला तर हसाल. नुसतं "चांगलं आहे" म्हणून प्लॅनकडे बघायला लागला तर समजून जा.

आणि बाल्कनीला कमी लेखू नका. बाल्कनीची पहिली रांग, मधल्या खुर्च्या: पुढे कुणाचं डोकं नाही, अख्खा रंगमंच डोळ्यांत मावतो, प्रकाशयोजना खरी दिसते ती तिथूनच. फक्त तिकीट मागताना कठड्याची सळई आडवी येते का ते विचारून घ्या. त्या रविवारी मी विचारलं नव्हतं, आणि नायक पूर्ण पहिला अंक मला कमरेच्या वरच दिसला.